गैरहजेरीचा अर्थ

दसरा उलटला की मराठवाड्यातील शाळांच्या हजेरीपटांवर एक बदल दिसू लागतो. जून-जुलैपासून ज्या नावांपुढे उपस्थितीच्या खुणा सलग चालत आलेल्या असतात, त्यांपैकी काहींच्या पुढे त्या तुटक होतात. आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरते तेव्हा ती नावे हाक मारूनही ओ देत नाहीत. शिक्षण खात्याच्या लेखी ही टक्केवारीतील घट असते. मुख्याध्यापकांच्या लेखी ती एक अडचण असते, कारण पटसंख्येवर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. परंतु ज्या घरातील मूल वर्गात आलेले नाही त्या घराच्या दृष्टीने पाहिले, तर ही गैरहजेरी म्हणजे संकटाचा पहिला उच्चार होय. घरात कर्ज झाले आहे, बाप आजारी आहे, आई एकटी पडली आहे, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत, यांपैकी कोणतीही गोष्ट तलाठ्याला, पोलिसांना किंवा न्यायालयाला कळण्याच्या कितीतरी आधी शाळेच्या हजेरीपटाला कळलेली असते.

प्रश्न असा आहे की हजेरीपटाला जे कळते त्याचे पुढे काय होते? आजची स्थिती पाहता, फारसे काही होत नाही, असेच उत्तर द्यावे लागते. मुलांच्या रक्षणासाठी आपल्याकडे कायदे आहेत, समित्या आहेत, योजनाही आहेत. पण त्यांतील बहुतेक सर्व संकट पूर्ण घडून गेल्यावर किंवा घडण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी जागे होणारे आहेत. पहिल्या गैरहजेरीपासून शेवटच्या आपत्तीपर्यंत जे दोन-तीन महिने किंवा कधी दोन-तीन वर्षे मध्ये असतात, त्या काळात कुटुंबाच्या मदतीला जाण्याची जबाबदारी कोणावरच नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा मधला काळ आहे.

जाणारे आणि येणारे

वसमत तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांच्या पाण्यामुळे पूर्णा खोऱ्यातील हा भाग तुलनेने सधन झाला. ऊस आला, पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, कुरुंद्याला टोकाई कारखाना झाला. हळदीने तर या गावाला नाव मिळवून दिले. येथील हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हळदीच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्रही वसमतला मंजूर झाले. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात वसमतची बाजारपेठ भरभराटीची मानली जाते.

पण याच जिल्ह्यात सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतील माळरानाची, कोरडवाहू शेतीची गावे आहेत. तेथील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडणीला जातात. वसमतच्या बागायती शिवाराला लागून असलेल्या कोरडवाहू वाड्या-तांड्यांवरूनही माणसे जातात. उलट याच हंगामात बाहेरच्या टोळ्या येथील फडांवर येऊन कोप्या घालून राहतात. म्हणजे एकाच तालुक्यात काही मुले शाळेतून नाहीशी होतात आणि काही मुले शाळेपासून कोस-दीड कोसावर येऊन राहिलेली असूनही शाळेला दिसत नाहीत. पहिल्यांची नावे पटावर असतात पण मुले नसतात. दुसऱ्यांची मुले समोर असतात पण नावे कोणत्याच पटावर नसतात. त्यानंतर माघ-फाल्गुनात हळद काढण्याचा, शिजवण्याचा हंगाम येतो. तेव्हा गावात राहिलेल्या मजूर कुटुंबांतील मुलेही अधूनमधून शाळा बुडवतात, विशेषतः मोठ्या मुली. कारण आई कामावर गेली की धाकटे भावंड सांभाळायला घरी कोणीतरी हवे असते.

या सर्व गैरहजेऱ्या हजेरीपटावर एकाच खुणेने नोंदल्या जातात. त्यांची कारणे मात्र वेगळी आहेत आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत.

नव्वद रुपये आणि एक रुपया

आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे एक सवय आहे. हे म्हणणे सोयीचे आहे, कारण त्यामुळे दोष गरिबाच्या अज्ञानावर टाकता येतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते पटणे कठीण आहे. मजूर कुटुंबाचा हिशेब पुष्कळदा आपल्या हिशेबापेक्षा अधिक काटेकोर असतो.

तो हिशेब थोडक्यात मांडून पाहू. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. मुकादम हंगामाच्या आधी या कोयत्याला उचल देतो आणि ती उचल तोडणीच्या मजुरीतून फेडायची असते. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारानुसार तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका जोडप्याने दिवसाकाठी दोन टन ऊस तोडला असे धरले, तर दिवसाची कमाई ७३२ रुपये होते. समजा उचल एक लाखाची आहे. ती फेडायला एकही खाडा न करता १३७ दिवस लागतील, आणि यात त्या दिवसांतील खाण्यापिण्याचा, औषधपाण्याचा खर्च धरलेलाच नाही. पावसाने ओढ दिल्यामुळे ऊस कमी असला आणि हंगाम शंभर दिवसांत आटोपला, तर ७३,२०० रुपये फिटतील आणि २६,८०० रुपये अंगावर राहतील. पुढच्या वर्षी जाणे मग इच्छेवर राहत नाही.

अशा वेळी अकरा-बारा वर्षांची मुलगी फडावर मोळ्या बांधू लागली, कोपीवर स्वयंपाक करून धाकट्याला सांभाळू लागली आणि त्यामुळे जोडप्याची तोडणी दिवसाला पाव टनाने जरी वाढली, तरी त्याचे साधारण नव्वद रुपये होतात. ती मुलगी शाळेत राहिली तर कुटुंब रोज या नव्वद रुपयांना मुकते. आम्ही वर्गात ज्याला संधी खर्च म्हणतो तो हाच. शाळा फुकट आहे, पुस्तके फुकट आहेत, हे सर्व खरे. परंतु मुलीला शाळेत ठेवणे त्या घराला फुकट पडत नाही.

शासनाला हे मुळीच उमगले नव्हते असे नाही. १९९२ मध्ये दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला. तो दिवसाला एक रुपया होता. कल्पना योग्य होती. मुलीच्या हजेरीची काही किंमत कुटुंबाला मिळाली पाहिजे हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. पण पुढे वर्षांमागून वर्षे लोटली, महागाई कित्येक पटींनी वाढली, महागाई भत्ते वाढले, वेतन आयोगांमागून वेतन आयोग आले, आणि तो रुपया मात्र रुपयाच राहिला. नव्वद रुपयांच्या ओढीपुढे एक रुपयाचा आधार टिकणार नाही हे कळण्यासाठी अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

हिशेबाचे दुसरे कलम अधिक क्रूर आहे. एकट्या पुरुषाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात आणि त्याची उचलही त्याच मानाने कमी असते. लग्न झाले की कोयता पूर्ण होतो. मुलीच्या बापाच्या बाजूने पाहिले तर सहा महिने परमुलखात कोपीत राहताना वयात आलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती असते, तिला गावी ठेवावे तर म्हाताऱ्या आजीखेरीज घरात कोणी नसते. दोन्ही बाजूंचे गणित मग एकाच उत्तराला येऊन मिळते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण सुमारे ४४ टक्के आणि परभणीत सुमारे ४८ टक्के होते. ज्या जिल्ह्याच्या पोटातून आपला जिल्हा निघाला त्या परभणीत जवळजवळ दर दोन मुलींपैकी एकीचे लग्न कायदा मोडून झाले, असा त्याचा अर्थ आहे. एवढ्या मोठ्या संख्येने लोक कायदा मोडतात तेव्हा त्यामागे केवळ दुष्टपणा किंवा अडाणीपणा नसतो. काही सक्ती असते.

मांडव पडल्यावर येणारा कायदा

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ मध्ये झाला. महाराष्ट्राने २००८ मध्ये नियम करून गावपातळीवर ग्रामसेवकाला प्रतिबंध अधिकाऱ्याची जबाबदारी दिली. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे देशभर पोहोचला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तर ज्या मुलीचे अल्पवयात लग्न होण्याचा धोका समोर उभा आहे, तिलाही काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानले. कायद्याच्या दृष्टीने ही सर्व पावले योग्यच आहेत.

तथापि यांचा प्रत्यक्ष उपयोग कधी होतो ते पाहावे. कोणीतरी दूरध्वनी करतो तेव्हा मांडव पडलेला असतो, पाहुणे आलेले असतात, उसने पैसे खर्च झालेले असतात. पोलीस आणि अधिकारी येतात, लग्न थांबते, बापाकडून हमीपत्र लिहून घेतले जाते. वर्तमानपत्रात बातमी येते. मुलगी मात्र त्याच घरात, त्याच कर्जात आणि त्याच धास्तीत राहते. भर म्हणून गावभर झालेली बदनामी तिच्या वाट्याला येते. चार महिन्यांनी तेच लग्न दुसऱ्या गावी, देवळात, चार माणसांत उरकले जाण्याची शक्यता पुष्कळ असते. लग्न थांबवणे आवश्यक आहे यात शंका नाही. पण ते थांबवण्याची वेळ येते तोवर मदतीचे स्वस्त आणि सौम्य मार्ग संपून गेलेले असतात.

तीच मुलगी त्याआधी सात-आठ महिने शाळेला आपली गोष्ट सांगत होती. सहामाहीत तिचे गुण घसरले. आठवड्यातून दोन दिवस ती येईनाशी झाली. सहलीची वर्गणी तिने दिली नाही. एके दिवशी तिचा बाप शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला आणि कार्यालयातील लिपिकाने नियमानुसार अर्ज घेऊन दाखला देऊन टाकला. वर्षाच्या मध्येच, दुसऱ्या शाळेचे नाव न सांगता मागितलेला दाखला हे किती मोठे लक्षण आहे! पण ‘दाखला कशासाठी हवा’ हा प्रश्न विचारणे आणि उत्तर मनाला न पटल्यास ते कोणाच्या तरी कानावर घालणे, हे त्या लिपिकाचे काम आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. वस्तुतः शाळेच्या दप्तराचे वजन कायद्यातही मोठे आहे. बाल न्याय कायद्याखाली वयाचा निर्णय करताना शाळेतील जन्मतारखेच्या दाखल्याला अग्रक्रम दिला आहे. ज्या नोंदवहीच्या एका ओळीने एखादे लग्न बेकायदा ठरू शकते ती शाळेच्या कपाटात असते.

दंड की आधार?

शाळेने कुटुंबाच्या दाराशी जावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. केवळ दंडावर ते थांबले नाहीत. त्याआधीच कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली होती. दंडाच्या जोडीला निवाऱ्याची सोयही लागते, हे त्यांनी ओळखले होते.

त्याहूनही आपल्या विषयाला जवळचे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे काम केले, त्याची गणना बालशिक्षणाच्या इतिहासात होते. पण ते तितकेच कुटुंबाला आधार देण्याचेही काम होते. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. मुले का येत नाहीत याचा शोध घेतला आणि बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून गुरे चरतात त्या माळावर कुरणशाळा भरवली. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठ्या मुली येत नाहीत असे आढळले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी तयार केली. प्रत्येक गैरहजेरीला तिचे कारण विचारायचे आणि त्या कारणाला पुरेल अशी सोय करायची, एवढे साधे तिचे सूत्र होते. पाऊणशे वर्षांनंतरही वसमतच्या हळदीच्या हंगामात घरी बसणाऱ्या मुलीला हेच पाळणाघर हवे आहे.

पुढच्या काळातही प्रयत्न झाले. जनार्थ या शहाद्याच्या संस्थेने साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळांत शिजवलेले अन्न मिळू लागले. दुपारच्या खिचडीने किती मुलांना शाळेत टिकवले याची मोजदाद करणे अवघड आहे. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा अमलात आला. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांचे मर्म असे की मूल आजी-आजोबांजवळ गावीच राहील आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेच्या आधाराने होईल. जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आले. २०१७ च्या सुमारास बालरक्षक चळवळ सुरू झाली आणि अनेक शिक्षकांनी स्वेच्छेने घरोघर जाऊन मुले थांबवली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. ज्या मुलांनी आई किंवा बाप गमावला आहे त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे आणि तिची रक्कम २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये झाली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेला ही रक्कम म्हणजे मुलाला शाळेत ठेवण्याचे बळ आहे.

मग अडते कोठे? योजना शिक्षण खात्यात, महिला व बालविकास खात्यात, समाजकल्याणात, महसुलात विखुरलेल्या आहेत. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, कागदपत्रे वेगळी, कचेरी वेगळी. मजुरीचा दिवस बुडवून जिल्ह्याच्या गावी तीन-चार खेपा घालणे ज्या बाईला परवडत नाही, तिच्यासाठीच ही मदत आहे. हंगामी वसतिगृहाचे तर काळाचे गणित आहे. ट्रक गावातून निघण्यापूर्वी ते सुरू झाले तर मूल थांबते. ट्रक गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मंजुरी आली तर ज्याच्यासाठी ती आली ते मूल शेकडो मैलांवर असते. उशिरा आलेली मदत हिशेबात खर्ची पडते, पण ती मदत नसते.

परदेशातील एक धडा

इंग्लंडसारख्या श्रीमंत देशालाही हे सहज उमगले नाही. लंडनमध्ये २००० साली व्हिक्टोरिया क्लिंबिए नावाची आठ वर्षांची मुलगी नातेवाइकांच्या छळामुळे मरण पावली. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा निदान बारा वेळा तिला वाचवण्याची संधी सरकारी यंत्रणेला मिळाली होती असे निष्पन्न झाले. रुग्णालय, पोलीस, समाजसेवा विभाग या प्रत्येकाला थोडे थोडे दिसले होते. सर्व तुकडे कोणीच जुळवले नाहीत. त्यानंतर २००४ मध्ये तेथे नवा कायदा झाला. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी वाहणारी एक निश्चित व्यक्ती तेथील प्रत्येक शाळेत असते, आणि संकट विकोपाला जाण्याआधीच कुटुंबाला मदत देण्याच्या पद्धतीवर भर दिला जातो. तेथील पैसा आपल्याकडे नाही. मात्र शहाणपणाला पैसा लागत नाही. ते शहाणपण एवढेच की दिसलेली गोष्ट ज्याला सांगायची तो माणूस आधी ठरलेला असावा.

आक्षेपांचा विचार

या म्हणण्यावर पहिला आक्षेप शिक्षक घेतील आणि तो रास्त आहे. जनगणना, निवडणुका, सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते यांत गुरफटलेल्या शिक्षकावर आणखी एक ओझे का? शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे सांगितले आहे. प्रत्यक्षातील अनुभव निराळा आहे. म्हणूनच घरोघर जाण्याचे काम केवळ शिक्षकाच्या सद्भावनेवर सोपवणे योग्य नव्हे. बालरक्षकांचे काम मोठे आहे, पण स्वेच्छेने चाललेले काम त्या शिक्षकाच्या बदलीबरोबर बंद पडते. शिक्षकाने पाहावे, विचारावे आणि कळवावे. पुढचे काम करणारा माणूस वेगळा हवा.

दुसरा आक्षेप असा की शाळेने घरच्या भानगडीत पडावे का? पडण्याच्या पद्धतीवर ते अवलंबून आहे. शाळा पोलिसांची खबरी झाली असे एकदा गावाला वाटले, तर आईबाप मुलालाच शाळेपासून दूर ठेवतील. ज्या दाराशी शाळा प्रथम बालसंगोपनाचा अर्ज किंवा वसतिगृहाची चिठ्ठी घेऊन जाते, त्या दाराशी पुढे एखादे कटू सत्य बोलण्याचाही अधिकार तिला मिळतो. मराठवाड्याच्या खेड्यात ‘गुरुजी’ या शब्दाला अद्याप वजन आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतील शिक्षक होते, हे येथे विसरता येत नाही. अर्थात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर तेथे सामोपचाराला जागा नाही. २०१२ च्या कायद्याने ते कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. शाळा स्वतः तरी सुरक्षित आहेत का? बदलापूर येथे २०२४ च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आलेल्या प्रकाराने अवघा महाराष्ट्र हादरला आणि उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्याच्या दोन वर्षे आधी, २०२२ मध्ये, शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या स्थापण्याचा शासन निर्णय निघालेला होता. तो किती शाळांच्या भिंतींच्या आत पोहोचला होता, याचा प्रत्येक शाळेने प्रामाणिकपणे विचार करावा. कॅमेरे लावले म्हणजे मूल सुरक्षित झाले असे नाही. जे मूल घरची अडचण आपल्या बाईंना सांगू शकते तेच शाळेतील त्रासही सांगू शकते. मुलाचे ऐकून घेण्याची सवय ही एकच आहे. ती घरासाठी वेगळी आणि शाळेसाठी वेगळी अशी नसते.

काय करता येईल

या विवेचनातून काही गोष्टी निघतात. पहिली, कोणतेही मूल सलग तीन दिवस न सांगता गैरहजर राहिले तर आठवड्याच्या आत त्याच्या घरी कोणीतरी गेलेच पाहिजे, आणि भेटीत कळलेले कारण हजेरीपटाच्या शेजारी लिहिले गेले पाहिजे. नुसत्या गैरहजेरीच्या टक्केवारीपेक्षा कारणांची ही यादी तालुक्याला अधिक उपयोगाची आहे.

दुसरी, साधारणपणे दहाच्या आसपास शाळांचे एक केंद्र असते. अशा प्रत्येक केंद्रामागे कुटुंबांना मदत करणारा एक पगारी, प्रशिक्षित कार्यकर्ता असावा. शक्यतो ती स्त्री असावी. शिक्षकाने कळवलेल्या घरी जाणे, कोणती योजना लागू पडते ते पाहणे, कागदपत्रे जमवणे, अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना जोडणे हे तिचे काम. समाजकार्याची पदवी घेतलेले तरुण-तरुणी आपल्या भागात नोकरीच्या शोधात आहेत. ही नोकरी त्यांच्या शिक्षणाला शोभेल अशी आहे.

तिसरी, हंगामी वसतिगृहांची यादी आणि मंजुरी श्रावण-भाद्रपदातच पुरी व्हावी आणि पैसा दसऱ्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती पडावा. कोणत्या घरून कोण जाणार हे गावाला महिनाभर आधी ठाऊक असते, कारण उचल त्याआधीच वाटली गेलेली असते. मुकादमाला जे ठाऊक आहे ते शासनाला ठाऊक असू नये, याला कारण नाही. त्याचप्रमाणे आपल्या तालुक्यात येणाऱ्या टोळ्यांतील मुलांची यादी कारखान्यांनी गळीत सुरू होताच जवळच्या शाळेला द्यावी.

चौथी गोष्ट माध्यमिक शाळांची. शिक्षण हक्काचे छत्र चौदाव्या वर्षी संपते. बालकामगार कायदाही २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा या वयात केवळ धोक्याच्या कामांना मनाई करतो. म्हणजे ज्या वयात मुलीला सर्वाधिक धोका आहे त्याच वयात दोन्ही आधार सुटतात. नववी-दहावीच्या मुलींसाठी गावापासून शाळेपर्यंतची बस, वसतिगृहातील खाट आणि फडावरील नव्वद रुपयांची थोडी तरी भरपाई करणारा, महागाईबरोबर वाढणारा उपस्थिती भत्ता, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या पाहिजेत. एक दिली आणि दोन राहिल्या तर मुलगी राहत नाही.

यासाठी पैसा लागेल, हे उघड आहे. पण आज होणारा खर्च कोणी मांडत नाही म्हणून तो नाही असे समजू नये. सोळाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या मुलीच्या औषधोपचाराचा, कमी वजनाच्या बाळाच्या कुपोषणाचा, बालगृहात ठेवाव्या लागणाऱ्या मुलाचा, आणि आयुष्यभर अकुशल राहिलेल्या हातांच्या बुडालेल्या कमाईचा खर्च समाज भरतच असतो. तो निरनिराळ्या खात्यांच्या हिशेबात विखुरलेला असल्यामुळे त्याची बेरीज आपल्या डोळ्यांसमोर येत नाही एवढेच.

हळदीच्या गड्ड्याला कीड लागू नये म्हणून वसमतचा शेतकरी लागवडीपूर्वी बेण्यावर प्रक्रिया करतो; पीक पिवळे पडेपर्यंत थांबत नाही. उन्हाळ्यात ग्रामसभा भरतील, जूनमध्ये शाळा उघडतील, शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठका होतील. या समित्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. पहिल्याच बैठकीत गेल्या वर्षीचा हजेरीपट उघडून दिवाळीनंतर कोणती नावे ओ देईनाशी झाली आणि का, एवढे जरी एकेका नावानिशी वाचले गेले, तरी यंदाच्या दसऱ्यापूर्वी कोणत्या घरी जायचे ते गावाला कळेल.